दुखत नसलेल्या खुब्याची घाई आधी

पत्र: माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी किडनीच्या आजारासाठी त्याला बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. आता दोन्ही खुब्यांत एव्हीएन (रक्त न पोचल्याने हाड मरण्याचा आजार) निघालं आहे. उजवा तिसऱ्या टप्प्यात, गोळा ३ मिलिमीटर खचलेला. डावा दुसऱ्या टप्प्यात, असं रिपोर्ट म्हणतो. उजव्या पायाने तो लंगडतो, रात्री झोप नाही. डावा जिना चढताना कधीतरी जाणवतो, एवढंच. एक सर्जन म्हणतात, उजवा सांधा बदला आणि डाव्यात भोक पाडून मज्जेच्या पेशी सोडा. दुसरे म्हणतात, गोळ्या घ्या, जमेल तितके दिवस काढा. एका केंद्रात सांगितलं की दोन्ही सांध्यांत स्टेम सेलची इंजेक्शनं घेतली तर ऑपरेशनच टळेल. भावाचा ओढा तिकडे आहे. डाव्याचा विषय काढला की तो चिडतो, ‘जो दुखत नाही तो कशाला कापायचा?’ आम्ही गोंधळून गेलो आहोत.

ताई,

तुमच्या भावाचा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. पण या आजारात दुखण्यावरून घाई ठरवली तर नेमकी चूक होते. त्याचा उजवा खुबा दुखतोय, तरी त्याच्या बाबतीत थोडं थांबलं तर फारसं बिघडणार नाही. डावा फारसा दुखत नाही, आणि वेळ निसटतोय तो तिथेच. तुम्हाला मिळालेले तीन सल्ले एकमेकांशी भांडताना दिसतात, कारण ‘एव्हीएनवर उपाय काय’ असा एकच प्रश्न धरून तुम्ही ते ऐकताय. तुमच्यासमोर दोन प्रश्न आहेत. डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा.

आधी आत काय घडतंय ते सांगतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. त्या बंद पडल्या तर रक्ताला दुसरी वाट जवळजवळ नाही. हाडाची ही मान मोडली किंवा सांधा निखळला की त्या तुटतात. दारूचं व्यसन, सिकलसेल, खोल पाण्यातून घाईने वर येणारे पाणबुडे, यांच्यातही हाच गोळा मरतो. स्टिरॉइडमुळे मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात आणि हाडाच्या बंद कवचात दाब वाढतो. बारीक गुठळ्याही होतात, रक्त अडतं. म्हणूनच इजा नसताना आजार झाला तर तो बहुतेकदा दोन्ही बाजूंना सापडतो.

‘हाड सडलं’ असं घरोघरी म्हटलं जातं, ते मनातून काढून टाका. इथे पू नाही, जंतू नाहीत. पेशी मेल्या तरी हाडाचा सांगाडा त्या दिवशी उभाच असतो. गोळा खचतो तो पुढे, शरीर दुरुस्तीला लागल्यावर. कडेने नव्या वाहिन्या शिरतात, जुनं हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि नवं हाड बांधणाऱ्या पेशी त्यांच्या मागे पडतात. त्यामुळे मेलेल्या भागाची कड कमकुवत होते. कुर्चेच्या लगेच खाली केसासारखी भेग पडते, आणि मग वरचा भाग खाली बसतो. रस्त्याखालची माती वाहून गेली तरी वरचं डांबर काही काळ गुळगुळीत दिसतं, तसं हे आहे. त्या काळात माणूस व्यवस्थित चालतो. कधी जांघेत, कधी नुसत्याच गुडघ्यात थोडी कळ येते. मोजे घालताना पाय आत वळत नाही.

म्हणून टप्प्याला इतकं महत्त्व. पहिल्या टप्प्यात एक्स-रे स्वच्छ असतो, आजार फक्त एमआरआयमध्ये दिसतो. दुसऱ्यात एक्स-रेवरही पांढरे-काळे डाग येतात, पण गोळा गोल असतो. तिसऱ्यात भेग पडलेली असते किंवा गोळा खचलेला असतो. चौथ्यात गोळा ज्यात बसतो त्या खुब्याच्या वाटीचीही झीज होते. दुसरा आणि तिसरा यांच्यामधली रेषा ओलांडली की परत येता येत नाही. खचलेला गोळा पुन्हा गोल करणारं औषध नाही, इंजेक्शन नाही, पेशीही नाहीत.

‘दुखत नाही’ म्हणजे सुरक्षित आहे का? लक्षणं नसताना सापडलेल्या खुब्यांवरचे अनेक अभ्यास २०१० मध्ये एकत्र करून पाहिले गेले. त्यातले सुमारे ५९ टक्के खुबे पुढे दुखू लागले किंवा खचले. उरलेले टिकले, हेही खरं. कोणता टिकेल हे बरंचसं मेलेल्या भागाच्या आकारावर आणि जागेवर ठरतं. डाग छोटा, आतल्या बाजूला, वजन न झेलणाऱ्या जागी असेल तर तो वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो आणि तिथे नुसती नजर ठेवणं हाच योग्य उपाय. डाग वरच्या-बाहेरच्या भागात, सगळा भार जिथे पडतो तिथे पसरलेला असेल, तर भरवसा नाही. मोजायची एक जुनी पद्धत आहे, केर्बूल कोन. समोरून आणि बाजूने घेतलेल्या चित्रांत मेलेला भाग किती अंश व्यापतो ते पाहून दोन्ही आकडे मिळवतात. बेरीज १९० अंशांच्या आत असेल तर खचण्याची शक्यता कमी. २४० च्या वर गेली तर ती फार मोठी. तुमच्या रिपोर्टमध्ये डाव्याचा फक्त टप्पा लिहिलाय, आकार नाही. तो विचारून घ्या. माझ्या मते तुमच्या हातातल्या कागदांत सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

डाव्याचा सीटी स्कॅनही करून घ्या. कुर्चेखालची भेग एमआरआयपेक्षा सीटीमध्ये स्पष्ट दिसते. भेग सापडली तर डावा खुबा दुसऱ्या टप्प्यात नाही, आणि पुढचं बरंच काही बदलतं. जिना चढताना जाणवणारी ती कळ नवीन असेल आणि एमआरआयमध्ये मज्जेला सूज दिसत असेल, तर त्याला मी इशारा मानेन.

भेग नाही आणि डाग मध्यम आहे असं निघालं, तर पहिल्या सर्जनांनी डाव्यासाठी सुचवलेला मार्ग मला पटतो. त्याला कोअर डीकम्प्रेशन म्हणतात. फ्रान्समध्ये आर्ले आणि फिका हे डॉक्टर १९६० च्या दशकात निदानासाठी अशा हाडातला दाब मोजत आणि आतला तुकडा तपासायला काढत. नुसत्या त्या भोकानेच रुग्णांचं दुखणं कमी होतंय, असं त्यांच्या ध्यानात आलं. आज मांडीच्या बाहेरच्या बाजूला छोटा छेद देऊन, एक्स-रे पडद्यावर पाहत, ८ ते १० मिलिमीटरचा एक बोगदा किंवा ३ मिलिमीटरची काही बारीक भोकं मेलेल्या भागापर्यंत नेतात. आतला दाब सुटतो, नव्या वाहिन्यांना वाट मिळते. नंतर साधारण सहा आठवडे कुबड्या घेऊन पायावर अर्धवटच वजन टाकायचं. त्या भोकाच्या जागी हाड तात्पुरतं कमजोर असतं आणि घाई केली तर ते मोडू शकतं. ‘बरं वाटतंय’ म्हणून कुबड्या लवकर सोडणाऱ्या रुग्णांची मला धास्ती वाटते. भावाला हे आधीच बजावा.

पण नुसत्या भोकाने हाड बांधलं जात नाही. तिथे पेशींचा विषय येतो, आणि त्याबद्दल तुम्हाला केंद्रात जे सांगितलं त्यापेक्षा नीट माहिती मिळायला हवी.

पॅरिसजवळच्या क्रेतेईमध्ये फिलिप एर्निगू यांनी ही पद्धत रुजवली. कमरेच्या हाडातून थोडी थोडी करत अनेक जागांवरून मज्जा ओढतात (एकाच जागेवरून भरपूर ओढली तर नुसतं रक्तच येतं), ती यंत्रात फिरवून घट्ट करतात आणि बोगद्यातून थेट मेलेल्या हाडात सोडतात. त्यांनी २००२ मध्ये १८९ खुब्यांचे निकाल मांडले. गोळा खचण्याआधी ज्या १४५ खुब्यांवर हे केलं, त्यांपैकी ५ ते १० वर्षांत फक्त ९ बदलावे लागले. खचल्यानंतर केलेल्या ४४ पैकी २५ बदलावे लागले. पद्धत तीच, हात तेच, आणि निकालात एवढं अंतर. हे दोन आकडे भावाला कागदावर लिहून दाखवा. त्याच्या डाव्याची आणि उजव्याची गोष्ट त्यांत अख्खी आहे.

त्याच गटाने पुढे दोन्ही खुब्यांचा आजार असलेल्यांत एका बाजूला नुसतं भोक आणि दुसऱ्या बाजूला भोक अधिक पेशी अशी तुलना केली. सरासरी २५ वर्षांनी पाहिलं तेव्हा नुसत्या भोकाच्या बाजूचे ७२ टक्के खुबे खचले होते, पेशी दिलेल्या बाजूचे २८ टक्के. निकाल आशादायक आहे, पण तो एकाच अनुभवी केंद्राचा आहे हे विसरू नका. इतरत्र झालेल्या छोट्या चाचण्यांपैकी काहींत पेशींचा वेगळा फायदा दिसला नाही. तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांवर, कोणाला काय दिलंय हे लपवून केलेल्या चाचणीत तर काहीच फरक आढळला नाही. ज्यांनी दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलंय त्यांच्या मज्जेत बांधणाऱ्या पेशी मुळातच कमी असू शकतात. म्हणून सर्जनना विचारा, मज्जा किती काढणार, घट्ट करणार का, पेशी मोजणार का. ‘हो, घालू थोडी’ असं मोघम उत्तर आलं तर समाधान मानू नका. प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवलेल्या हाडाच्या पेशींचाही एक मार्ग आहे. त्यात शस्त्रक्रियेसाठी दोनदा जावं लागतं, आणि त्याचे इतक्या लांबच्या काळाचे निकाल अजून हाताशी नाहीत. पीआरपी, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेटचा अर्क, फार तर जोडीला वापरतात. एकट्या पीआरपीवर डावा खुबा सोपवू नका.

आता त्या केंद्राबद्दल, स्पष्टच बोलतो. ते सांध्यात इंजेक्शन देणार आहेत. मेलेलं हाड सांध्याच्या पोकळीत नाही. ते गोळ्याच्या आत, कुर्चेच्या आणि हाडाच्या थराच्या मागे आहे. पोकळीत सोडलेल्या पेशी तिथे पोचतील कशा? एर्निगूंच्या पद्धतीत पेशी बोगद्यातून हाडात जातात. नाव दोन्हींना ‘स्टेम सेल’च लावतात आणि सामान्य माणूस फसतो. त्यात पेशी चरबीतल्या असतील किंवा दुसऱ्याच्या नाळेतल्या असतील, तर या आजारासाठी त्यांच्यामागे भक्कम पुरावा नाही. उजव्याचा खचलेला गोळा इंजेक्शनाने वाचेल असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून उठा. पैसा जाईल त्याचं दुःख आहेच. पण इंजेक्शन घेऊन भाऊ निवांत वाट पाहत बसेल आणि तेवढ्यात डावाही खचेल, याची मला जास्त काळजी वाटते.

दुसऱ्या सर्जनांच्या गोळ्यांबद्दल. हाडाची झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटाच्या गोळ्या सुरुवातीच्या एका छोट्या अभ्यासात फार गुणकारी वाटल्या. नंतर अनेक केंद्रांत मिळून झालेल्या चाचणीत, नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्या वरचढ ठरल्या नाहीत. आणि इथे तुमच्या भावाची किडनी आडवी येते. किडनीचं काम मंदावलं असेल तर या गोळ्या जपून द्याव्या लागतात, कधी टाळाव्या लागतात. दुखणं थांबवायला तो दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखं काही आणून घेत असेल तर ते आजच थांबवा आणि वेदनेचं औषध किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. स्टिरॉइड अजून चालू असेल तर मात्र एव्हीएनच्या धसक्याने ते स्वतःहून बंद करू नका, अचानक बंद केल्याने जिवावर बेतू शकतं. डोस कमी करता येईल का, दुसरं औषध आहे का, हे त्याच डॉक्टरांशी बोला. दारू आणि सिगारेट असेल तर दोन्ही बंद. धावणं, उड्या मारणं नको. पण नुसतं पाय जपून मध्यम किंवा मोठा डाग थांबत नाही, तेव्हा ‘जमेल तितके दिवस काढा’ हा सल्ला डाव्यासाठी मला मान्य नाही.

नेटवर तुम्हाला आणखी नावं सापडतील. पोटरीतलं बारीक हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट काढून खुब्यात बसवणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाहिनी जोडणं ही शस्त्रक्रिया मोठी आहे. त्यानंतर कित्येक महिने पायावर पूर्ण वजन टाकता येत नाही, आणि ज्या पायातून हाड घेतलं त्याच्या घोट्याला त्रास राहू शकतो. स्नायूला जोडलेला हाडाचा तुकडा खुब्यात वळवणं हा तिचाच थोडा सोपा भाऊबंद. डाग मोठा असेल, वय कमी असेल आणि सर्जनचा हात यावर नेहमी चालत असेल, तरच विचार करा. जपानच्या सुगिओका यांनी १९७८ मध्ये मांडलेली, हाड कापून गोळा फिरवण्याची शस्त्रक्रिया (मेलेला भाग भाराखालून बाजूला नेणारी) त्यांच्या हातात छान चालली. इतर अनेकांना तसे निकाल मिळाले नाहीत. टँटलम धातूची सळई टाकू म्हणाले तर नको म्हणा, पुढे सांधा बदलताना ती अडचण होते.

उरला उजवा. खचण्याची हद्द २ मिलिमीटर मानतात, त्याचा ३ म्हणजे तिच्याही पुढे. तिथे गोळा वाचवण्याचे प्रयोग करत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. सांधा बदलणं हाच खात्रीचा उपाय आहे. कधी बदलायचा हे मात्र एमआरआय ठरवणार नाही. झोप, चालणं, काम यांवर किती परिणाम होतोय त्यावरून भावाने ठरवायचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती वेळ आली आहे असं वाटतं. फार लांबवलं तर मांडीचे स्नायू बारीक होतात, सांधा आखडतो, आणि नंतर सावरायला जास्त दिवस लागतात.

३४ व्या वर्षी कृत्रिम सांधा, याची भीती मला कळते. सांधा कायमचा पुरेल असं कोणी सांगू नये. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आढाव्यात २५ वर्षांनी सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे टिकून होते. त्यांतले बरेच जुन्या बनावटीचे होते आणि आजचं प्लास्टिक व सिरॅमिक त्याहून कितीतरी कमी झिजतं, तरीही आयुष्यात एकदा तरी तो सांधा पुन्हा बदलावा लागेल असं धरूनच चाला. जंतुसंसर्गाचा धोका साधारण शंभरात एकाच्या आसपास असतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर तो वाढतो. म्हणून आधी दात, त्वचा, लघवी यांतला कुठलाही संसर्ग बरा करून घ्या. एवढं सांगूनही मी हेच म्हणेन की ज्याला रात्र रात्र झोप नाही अशा तरुण माणसाला या शस्त्रक्रियेने मिळणारा आराम फार मोठा असतो. ‘वय कमी आहे’ एवढ्याच कारणासाठी त्याला पंधरा वर्षं लंगडत ठेवणं मला पटत नाही.

क्रमाबद्दल मात्र सर्जनशी नीट बसून बोला, कारण इथे एक पेच आहे. डाव्यात भोक पाडल्यावर सहा आठवडे भार उजव्यावर येणार, आणि आजचा उजवा तो पेलू शकत नाही. म्हणून पहिल्या सर्जनांची दोन्ही एकत्र करण्याची कल्पना असेल तर ती विचारपूर्वक आहे. बदललेल्या सांध्यावर बहुतेक रुग्णांना लगेच उभं राहता येतं, तो पाय भार घेतो आणि डावा जपला जातो. किडनीमुळे भूलतज्ज्ञ एवढ्या लांब शस्त्रक्रियेला नाही म्हणाले, तर आधी उजवा आणि काही आठवड्यांतच डावा. ‘उजव्याचं सगळं मार्गी लागू दे, मग वर्षभराने डाव्याचं पाहू’ असं करू नका.

भावाला मी इतकंच सांगेन: डावा अजून तुझा आहे. तिथे होणारी शस्त्रक्रिया छोटी आहे, आणि ती करूनही गोळा खचलाच तरी पुढे सांधा बदलण्याची वाट बंद होत नाही. न केल्याने जे हातचं जाईल ते परत मिळणार नाही. डाग खरोखरच छोटा निघाला तर मी स्वतः म्हणेन की हात लावू नकोस, पहिलं वर्ष दर तीन-चार महिन्यांनी येऊन तपासून जा.

ताई, एक शेवटचं काम. डाव्याचा एमआरआय कोणत्या तारखेचा आहे ते पाहा. तीन महिन्यांहून जुना असेल तर त्यावरून कसलाच निर्णय घेऊ नका. नवीन काढून घ्या, यासाठी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन सहसा लागत नाही हे किडनीमुळे मुद्दाम सांगतो. सोबत सीटी करा, आणि रिपोर्टचा नुसता कागद न नेता चित्रांची सीडी घेऊन याच आठवड्यात पहिल्या सर्जनकडे जा.